चाकांचे पडिलेहण



वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीचे नाव विनोबाजींच्या चरित्रात आदराने येते. १९३२ च्या अखेरीस ते येथे राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत सूतकताईचे व ग्रामसेवेचे त्यांचे प्रयोग येथेच चालले. ती नालवाडी आता शहरात मिसळून गेली असून तिच्या नागपूर मार्गावर अहोरात्र मोटारी धावतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून खरेदीसाठी असो वा तीर्थयात्रेसाठी, आपली व्यापारी कुटुंबे ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाने प्रवास करू लागली आहेत.

या महामार्गावरील अपघातांच्या चर्चेत टायर फुटल्याचा उल्लेख वारंवार येतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासण्याची मोहीम हाती घेऊन झिजलेल्या टायरच्या गाड्यांना प्रवेश नाकारण्यास आरंभ केला. सिमेंटचा रस्ता टायर फोडतो, असे बाजारात सहज बोलले जाते. परंतु रस्त्यावर खापर फोडण्यापूर्वी टायरमधील हवेची चौकशी करणे न्यायाचे ठरेल.

उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून ती थोडी कमीच भरावी, हा समज विदर्भात रूढ आहे आणि तो घातक आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. या सततच्या वाकण्याने रबर आणि आतील धाग्यांचे थर तापतात. वेग व भार जितका अधिक, तितकी उष्णता अधिक. शेवटी थर सुटतात आणि टायर फुटतो. कंपनीने सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. धावताना तो काही अंशांनी वाढणार, हे गृहीत धरूनच तो ठरविलेला असतो.

आता अनेक नव्या मोटारींत टायरमधील दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा येते. तिचे दोन प्रकार आहेत. प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हला जोडून, एक छोटा संवेदक बसविलेला असतो. त्यातील सिलिकॉनचा सूक्ष्म पडदा दाबानुसार वाकतो, त्यावरून दाब मोजला जातो आणि रेडिओलहरींनी तो आकडा मोटारीला कळविला जातो. संवेदकाची बॅटरी साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते. ती संपल्यावर बहुधा संपूर्ण संवेदकच बदलावा लागतो.

अप्रत्यक्ष प्रकारात दाब मोजलाच जात नाही. एबीएस ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजणारी जी साधने मोटारीत असतात, त्यांचाच येथे उपयोग होतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून तेवढ्याच अंतरात ते इतरांपेक्षा अधिक फिरते. या तफावतीवरून यंत्रणा अनुमान काढते. ही पद्धत स्वस्त आहे, पण ती तुलनेवर उभी आहे. चारही चाकांतील हवा सारखीच उतरली, तर साध्या अप्रत्यक्ष यंत्रणेला काहीच जाणवत नाही. शिवाय कमी हवा असताना कोणी रिसेटचे बटण दाबले, तर ती त्या चुकीच्या स्थितीलाच प्रमाण मानून चालते.

अमेरिकेत फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर २००० मध्ये कायदा झाला आणि २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. तेथील नियमानुसार शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर इशारा मिळाला पाहिजे. भारतात ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनीविना चालण्याची मुभा मिळाली. ज्यांच्या मोटारीत स्टेपनी नाही, त्यांनी तर या दिव्याकडे विशेष लक्ष द्यावे.

या २५ टक्क्यांचा हिशेब मांडून पाहू. शिफारस ३३ पीएसआयची असेल, तर त्या मापाने दिवा लागेपर्यंत दाब २५ च्या खाली गेलेला असतो. बँकेच्या कर्जखात्यात हप्ता ३० दिवसांपर्यंत थकला तरी पहिली नोंद होते, नंतर ६० ला दुसरी, ९० ला तिसरी. त्यापुढे खाते बुडीताच्या वाटेला लागते. टायरचा दिवा ही पहिली नोंद नव्हे, तिसरी आहे. तो लागला नाही याचा अर्थ सर्व आलबेल आहे, असा काढू नये.

ऋतूचाही विचार करावा. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो. मे महिन्यात ४४ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे, हवा मुळीच गळली नाही तरी, २८ च्या आसपास असतो. ही घट चारही चाकांत एकाच वेळी होते, म्हणजे साध्या अप्रत्यक्ष यंत्रणेच्या नजरेआड. आणि चातुर्मास संपल्यावर साधु-साध्वींचे विहार याच थंडीच्या दिवसांत, याच रस्त्यांच्या कडेने चालू असतात. टायर फुटून वाहन बाजूला गेले, तर तेथे कोण चालत असेल, याचा विचार प्रत्येक वाहनधारकाने करावा.

इंधनाची बचतही होते, पण तिची फुशारकी मारण्यासारखी नाही. एक पीएसआय घटीमागे इंधन सुमारे ०.२ टक्के अधिक लागते. वर्षाला १,००० लिटर जाळणाऱ्या मोटारीत पाच पीएसआयच्या घटीने १० लिटर वाया जातील. टायर लवकर झिजण्याचा खर्च त्याहून मोठा, आणि जिवाचा हिशेब तर रुपयांत मांडता येत नाही.

आपले साधु-साध्वी वस्त्रे, पात्रे, रजोहरण यांचे दररोज पडिलेहण करतात. काल सर्व ठीक होते, म्हणून आज पाहणे ते टाळत नाहीत. सूक्ष्म जिवाची विराधना होऊ नये, हाच त्यामागे हेतू असतो. दिगंबर मुनीही पिच्छीने हीच यतना पाळतात. दोन टनांचे वाहन चालविणाऱ्या श्रावकाला चार चाकांचे पडिलेहण जड वाटू नये. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक दूरच्या प्रवासापूर्वी, मोटार किमान तीन तास उभी राहिल्यावर, दाबमापकाने चारही चाके व असल्यास स्टेपनी तपासावी. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. सामान आणि माणसे भरून जाताना लागू होणारा वेगळा आकडाही बहुधा तेथेच सापडतो. खोबणींची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झालेला टायर बदलावा. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टाळू नये. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीने दोहोंचा दाब जवळपास सारखाच उतरतो.

प्रवासात घोड्याच्या नालेसारखे पिवळे चिन्ह, मध्ये उद्गारचिन्ह असलेले, दिसले तर एकदम ब्रेक दाबू नये. वेग हळूहळू कमी करून सुरक्षित जागी थांबावे व चाके पाहावीत. मोटार सुरू केल्यावर तेच चिन्ह मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिले, तर बहुधा बिघाड यंत्रणेतच असतो. संवेदक तपासून घ्यावा. दुकानाच्या टेम्पोला ही यंत्रणा नसेल, तर वॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे संवेदक बाजारात मिळतात. तेही घ्यावयाचे नसतील, तर चालकाच्या हाती एक चांगला दाबमापक आणि आकडे लिहिण्यास एक वही द्यावी, आणि महिनाअखेरीस ती वही मालकाने स्वतः पाहावी.