मीठ जमिनीतच राहते

मार्चमध्ये शिरोळ तालुक्यात एका शेताच्या बांधावर उभे होतो. सऱ्यांच्या माथ्यावर पांढरी मीठफुटी उठली होती. खोडव्याची पाने कडेने करपली होती आणि मधल्या पट्ट्यात तर फुटवाच नव्हता. शेतकऱ्याच्या हातात द्रवरूप जिवाणूंची बाटली होती. "हे सोडलं की मीठ निघून जाईल, असं सांगितलंय," ते म्हणाले. असे सांगणारा आपल्याच व्यवसायातला असणार, म्हणून हे संपादकीय आपल्यासाठीच आहे.

जिवाणूंनी मीठ निघून जात नाही. इस्रायलमधील अरावा खोऱ्यातून मिळवलेल्या अॅक्रोमोबॅक्टर पिचाउडी या जिवाणूवरचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. खारट पाण्यावर वाढवलेल्या टोमॅटोच्या रोपांचे वजन या जिवाणूमुळे स्पष्टपणे वाढले, पण रोपातील सोडियम घटले नाही. घटले ते इथिलीन. मिठाचा ताण बसला की रोप इथिलीन जास्त बनवते आणि त्यानेच मुळांची वाढ खुंटते. हे इथिलीन ज्या एसीसी नावाच्या पदार्थापासून तयार होते, तो मुळातून बाहेर पाझरतो. ज्या जिवाणूंकडे एसीसी डीअमिनेज हे विकर असते, ते हा पदार्थ तोडून त्यातला अमोनिया नत्र म्हणून वापरतात. जिवाणूचे पोट भरते आणि मूळ वाढत राहते. निसर्गातला इतका सरळ व्यवहार क्वचितच पाहायला मिळतो! काही जिवाणू मुळांभोवती चिकट बहुशर्करा सोडतात, तीत थोडे सोडियम अडकते. पण तेही मातीतच राहते.

म्हणजे जिवाणू पिकाला तग धरायला मदत करतात, जमीन सुधारत नाहीत. जमीन सुधारायची तर निचरा हवा, चोपण असेल तर जिप्सम हवे आणि पाणी मोजून द्यायला हवे. कृष्णाकाठी मीठ वर आले ते वर्षानुवर्षे पाटाने दिलेल्या जादा पाण्यामुळे, हे आपण सगळेच जाणतो.

दुसरा मुद्दा बाटलीतल्या मालाचा. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप जिवाणू खतात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी आणि भुकटीत प्रति ग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी लागतात. पण त्यांपैकी किती खारवट मातीत जगतील, हे त्या मानकात विचारलेले नाही. गोड मातीतून घेतलेला अॅझोटोबॅक्टर क्षारपड रानात सोडून गुण येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने क्षार सोसणारे जिवाणू निवडून हॅलो-अझो आणि हॅलो-पीएसबी ही संवर्धके तयार केली, ती याच कारणाने. आपल्या मिरज-शिरोळच्या काळ्या रानातले जिवाणू वेगळे काढून तपासण्याचे काम अजून खूप व्हायचे आहे. उत्पादकांनी निदान किती मिठात पेशी वाढतात, हे तपासून लेबलवर छापावे.

जाता जाता प्रयोगशाळांना एक विनंती. आपण बहुधा १:२.५ द्रावणात क्षारता मोजतो. पिकांच्या सहनशीलतेचे तक्ते मात्र संपृक्त अर्कावर बेतलेले असतात. उसाचे उत्पादन संपृक्त अर्कात १.७ डेसिसायमन प्रति मीटरपासूनच घसरू लागते आणि त्याच मातीचे १:२.५ चे वाचन बरेच कमी दिसते. अहवालात पद्धत लिहिली नाही, तर 'जमीन ठीक आहे' असा समज होतो आणि पुढचा सगळा सल्ला चुकतो.

शेतकऱ्याला जिवाणू जरूर द्या. बेणेप्रक्रियेला आणि रोपांची मुळे बुडवायला द्या, कारण कोवळ्या अवस्थेतच मिठाचा फटका जास्त बसतो. बाटली उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका म्हणून बजावा. आणि प्रत्येक प्लॉटमध्ये चार सऱ्या जिवाणूंशिवाय सोडायला सांगा. त्या चार सऱ्यांचे आणि शेजारच्या सऱ्यांचे वजन, मातीच्या अहवालासह, आमच्याकडे पाठवा. फरक पडला नसेल तरीही पाठवा. तेही आम्ही छापू.