बाईंचा रविवार



आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो.

जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेल्या आम्हां कितीतरी जणांना ज्यांनी क्रुसाची खूण करायला शिकवली, त्या बाई आता ऐंशीच्या आसपास आहेत. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली बरीच माणसं बदली होऊन इकडे आली. बाईंचे वडील त्यांतलेच. बाई तेव्हा शाळेत जात होत्या.

गेल्या उपवासकाळात मिस्साच्या पहिल्या वाचनात बाई एकच परिच्छेद दोनदा वाचून गेल्या. मागच्या बाकांवर कुणी हसलं. सोमवारी आम्ही वाचकांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. त्यांना विचारलं नाही. त्यांची शोभा होऊ नये म्हणून केलं, अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या महिन्यात, त्यांच्या ठरलेल्या रविवारी बाई इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून पहिल्या बाकावर येऊन बसल्या. वाचायला दुसरंच कुणी उठलं. मिस्सानंतर पायऱ्यांवर त्यांनी एवढंच विचारलं, "आज माझा रविवार होता ना रे?"

होता. त्यांच्या लक्षात होता.

इसहाकाची गोष्ट आपण मुलांना शिकवतो ती याकोबाला मिळालेल्या आशीर्वादाची म्हणून. म्हाताऱ्या बापाची दृष्टी गेली आणि घरच्यांनीच त्याच्या पाठीमागे सगळं ठरवलं, याकडे आपलं लक्ष जात नाही. विसरणाऱ्या माणसाशी आपण तेच करतो. आधी 'वय झालं' म्हणून हसण्यावारी नेतो, मग एक दिवस त्याला न विचारताच त्याच्या हातातलं काम काढून घेतो. स्तोत्र ७१ मध्ये म्हातारपणी टाकून देऊ नकोस अशी विनवणी आहे. ती देवाला केलेली आहे खरी, पण आमच्या मते धर्मग्रामानंही ती ऐकायला हवी.

विसरणं सगळं सारखं नसतं. एखाद्याचं नाव ऐन वेळी न आठवणं आणि तासाभरानं आठवणं, हे वयानुसार चालायचंच. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणं, वर्षानुवर्षं सहज ठेवलेला पेन्शनचा हिशेब जुळेनासा होणं, रोजच्या स्वयंपाकाची पायरी चुकणं, ओळखीची वाट हरवणं, अशा खुणा दिसल्या तर मात्र डॉक्टरांकडे जावं. (जवाहर चौकात वाट चुकली तर लगेच घाबरू नका. स्मार्ट सिटीच्या कामात जुने क्वार्टर पाडले गेले, वळणावरची झाडं गेली. आम्हीसुद्धा चुकतो.)

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक. आपल्या पुढच्या दोन बाकांवर तेवढी माणसं बसतात. पण प्रत्येक विसरभोळेपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा त्रास, मनाची उदासी, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या यांनीही विसरायला होतं, आणि यांवर इलाज असतो. 'आम्ही प्रार्थना करतोय' असं सांगून तपासणी टाळणाऱ्यांनी बेनसिराच्या पुस्तकाचा, म्हणजे हिंदीतल्या प्रवक्ता-ग्रंथाचा, ३८ वा अध्याय काढून बघावा. वैद्याला देवानंच निर्माण केलं आहे असं तिथं स्पष्ट आहे. कुठं जावं हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे.

बाईंच्या मुलानं त्यांना नेलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली. थोडा फरक पडला, सगळा नाही. डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. घरी आठवड्याच्या वारांची गोळ्यांची डबी आली, किल्ल्यांना दाराजवळ एकच खिळा ठरला. आम्ही 'ओळखलंत का?' असं विचारणं सोडलं. परीक्षा घेतल्यासारखं होतं ते. आता जाताच आपलं नाव सांगतो.

आणि यादीत त्यांचं नाव परत घातलं. त्याआधी घरी जाऊन माफी मागितली. बाई म्हणाल्या, "आधी चहा घे." वाचन गुरुवारीच मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्याकडे जातं, शनिवारी संध्याकाळी फोन होतो, आणि वाचताना धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक मुलगी शेजारी उभी राहून ओळीखाली बोट धरते. गेल्या खेपेला तिसऱ्या ओळीवर बाई थांबल्या. सगळं मंदिर थांबलं. मग त्या पुढं वाचायला लागल्या.

संध्याकाळच्या जपमाळेत सगळे हिंदीत 'प्रणाम मरिया' म्हणत असतात आणि मध्येच बाई 'नमो मरिये'वर येतात, लहानपणी पाठ केलेली. तरुण मुलांना ती येत नाही, ती गप्प होतात. आम्ही दोघं-तिघं पुढची अर्धी मराठीत म्हणतो.

बाईंचं पुढचं वाचन येत्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्साला आहे.