डिलीट की ट्रंकेट? प्रश्नच चुकतोय!

डेटाबेसच्या नोकरीची मुलाखत म्हटली की एक प्रश्न ठरलेला: ‘डिलीट आणि ट्रंकेटमध्ये फरक काय?’ उत्तरही ठरलेलं: ‘ट्रंकेट वेगवान असतं, पण त्याचं रोलबॅक होत नाही.’ समोरचा मान डोलावतो की पुढचा प्रश्न. पाढे म्हटल्यासारखं वर्षानुवर्षं हे चालू आहे. मला या पाठांतराचा मनस्वी राग येतो. का, ते आज सांगूनच टाकतो.

एक तर ते उत्तर अर्धंच खरं आहे. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट केलं की आपोआप कमिट होतं. मग कितीही रोलबॅक करा, गेलं ते गेलं. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी केलेले बदलही कायम होऊन बसतात! पण पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत केलेलं ट्रंकेट व्यवस्थित मागे घेता येतं. म्हणजे उत्तर कुठल्या डेटाबेसबद्दल आहे, हे ना विचारणाऱ्याला पडलेलं, ना सांगणाऱ्याला. आणखी गंमत ऐका. ओरॅकलमध्ये १०जी आवृत्तीपासून ड्रॉप केलेलं टेबल सहसा रिसायकल बिनमध्ये जातं आणि तिथून परत आणता येतं. ट्रंकेट केलेल्या टेबलाला ती सोय नाही. आता बोला!

दुसरं म्हणजे ते वेगाचं कौतुक. डिलीट हळू चालतं, कारण ते प्रत्येक ओळीची नोंद ठेवतं आणि डिलीटचे ट्रिगर चालवतं. ट्रंकेट यातलं काही करत नाही, सरळ जागाच मोकळी करून टाकतं. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या खातेवहीच्या टेबलावर ‘ओळ काढली तर कुणी, कधी ते लिहून ठेव’ असा ट्रिगर लावलाय. त्यावर ट्रंकेट चालवलं, तर ओळीही जातील आणि त्या गेल्याचा तिथला पुरावाही उरणार नाही. पैसे ठेवणाऱ्याला मग काय सांगणार, काम दोन सेकंदांत झालं म्हणून?

बरं, दुसरं टेबल फॉरेन कीने जोडलेलं असेल तर डेटाबेस ट्रंकेटला चक्क नकार देतो. तो नकार म्हणजे शहाण्या माणसाचा सल्ला. पण आमचे वीर मायएसक्यूएलमध्ये ती तपासणीच बंद करतात, नाहीतर पोस्टग्रेसमध्ये पुढे कॅस्केड लिहून मोकळे होतात. त्याने जोडलेली टेबलंही सगळी रिकामी होतात, हे नंतर कळतं.

‘मग काय कोट्यवधी ओळी डिलीट करत बसायचं?’ असं कुणी म्हणेल. नाही हो! रोज रात्री नव्याने भरायचं तात्पुरतं टेबल असेल तर खुशाल ट्रंकेट करा. जुने लॉग महिन्यामहिन्याने काढायचे असतील तर टेबलाचे महिनावार पार्टिशन करा आणि जुनं पार्टिशन ड्रॉप करा. निवडक ओळी काढायच्या तर डिलीटच, तेही थोड्या थोड्या करून. माझं म्हणणं एवढंच, की आधी टेबल कुणाचं, त्याला काय काय जोडलंय आणि चुकलं तर परत कुठून आणणार, ते बघा. वेगाचा नंबर त्यानंतर.

तेव्हा मुलाखती घेणाऱ्यांनो, तो फरक विचारणं आता पुरे. एक टेबल समोर ठेवा, त्याचे ट्रिगर आणि नाती दाखवा, डेटाबेस कुठला ते सांगा आणि म्हणा, यातलं गेल्या वर्षीचं सगळं काढायचंय, कसं काढशील? पाठांतर तिथल्या तिथे उघडं पडेल.