घर आपले, किल्ली कुणाची?

पत्त्यांच्या जोडाएवढ्या पाटीवर संपूर्ण संगणक मावतो, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जन्मलेली ‘रास्पबेरी पाय’ ही अशीच पाटी. मुलांनी संगणक केवळ वापरू नये, तो आतून समजून घ्यावा, हा तिच्यामागील हेतू. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पाटीवरच वाय-फायची चिप बसवली गेली. किंमत अवघी ३५ डॉलर.

परंतु ही चिप म्हणजे संगणकाच्या पोटातील दुसरा संगणक होय. तिला स्वतंत्र प्रोसेसर आहे, स्वतंत्र स्मृती आहे आणि ‘फर्मवेअर’ नावाची स्वतंत्र आज्ञावलीही आहे. पाटीवर चालणारे लिनक्स कुणालाही वाचता येते, बदलता येते. चिपची आज्ञावली मात्र कंपनीकडून केवळ यंत्रभाषेत मिळते. तिचा मूळ मजकूर गुलदस्त्यातच राहतो. घर आपले, पण एका खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार आहे.

जर्मनीतील डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी ही खोली उघडून दाखवली. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘नेक्समॉन’. चिपमधील आज्ञावलीचा काही भाग कायमचा कोरलेला असतो. उरलेला भाग यंत्र सुरू होताना एका फाईलमधून तिच्या स्मृतीत भरला जातो. संशोधकांनी यंत्रभाषेचा अर्थ चिकाटीने उलगडला आणि सी भाषेत लिहिलेली आपली ठिगळे त्या फाईलमध्ये बसवली. एरवी चिप आपल्या नावे आलेले संदेश तेवढे पुढे देते आणि बाकीचे टाकून देते. बदललेली चिप त्या वाहिनीवर कानी पडेल ते सारे पुढे देते. जाळ्याचा अभ्यास करणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

यावर कुणी म्हणेल, ही तर चोराच्या हाती किल्ली दिली! आक्षेप अगदीच निराधार नाही. दुसऱ्याच्या जाळ्यात विनापरवाना शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे. लहरींच्या शक्तीलाही कायद्याने घातलेली मर्यादा आहे व ती पाळलीच पाहिजे. प्रयोग करायचे ते स्वतःच्या जाळ्यावर. परंतु कुलूप लावल्याने घर सुरक्षित होते, हा समज कितपत खरा आहे?

फेब्रुवारी २०२० मध्ये स्लोव्हाकियातील ‘ईसेट’ या संस्थेच्या संशोधकांनी ‘क्रूक’ हा दोष जाहीर केला. ब्रॉडकॉम व सायप्रेस यांच्या काही चिपमध्ये वाय-फायची जोडणी तुटताच गुप्त किल्लीच्या जागी नुसती शून्ये येत आणि स्मृतीत उरलेले संदेश त्याच शून्य किल्लीने ‘बंद’ होऊन बाहेर पडत. दोष आढळलेल्या यंत्रांत रास्पबेरी पाय ३ सुद्धा होती. संशोधकांच्या अंदाजाने अशी यंत्रे जगभर एक अब्जाहून अधिक होती. मालकाला त्याचा पत्ताही नव्हता आणि दुरुस्तीसाठी उत्पादकाच्या तोंडाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. बंद खोलीत काय चालले आहे हे ज्याला पाहता येत नाही, त्याला मालक कसे म्हणावे?

आपल्याकडे आत्मनिर्भरतेची चर्चा बहुधा वस्तू कुठे बनली या प्रश्नापाशीच थांबते. मद्रास आयआयटीने ‘शक्ती’ प्रोसेसर घडवला, त्याचा आराखडाही खुला ठेवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि उद्या चिप देशी असली आणि तिची आज्ञावली वाचणारा मनुष्य आपल्यात नसला, तर परावलंबन संपले असे म्हणता येणार नाही. परकी वस्तू नाकारणे सोपे असते. ती उलगडून समजून घेणे कठीण, आणि खरे स्वामित्व त्यातूनच येते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ही विद्या शिकवली गेली पाहिजे.

त्याचा आरंभ घरातूनही होऊ शकतो. या कामात चूक झाली तरी बहुधा मूळ फाईल जागी ठेवून यंत्र पुन्हा सुरू केले की चिप पूर्ववत होते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी अशी पाटी घेऊन बसली, तर ‘मोडशील’ म्हणून रागावण्याआधी पालकांनी एवढेच विचारावे : मूळ फाईल जपून ठेवली आहेस ना?