सिस्टरची वही

आपले माणूस रुग्णालयात असते तेव्हा डॉक्टर दिवसातून दोनदा दिसतात. रात्रभर जागी असते ती सिस्टर. सलाईनचा हात कुणाचा सुजतोय, खिळून पडलेल्या आजोबांच्या पाठीला जखम केव्हा होऊ लागली, हे आधी तिलाच कळते. पण हे ज्ञान ड्युटी संपली की तिच्याबरोबरच घरी जाते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आपल्याला ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनीच सैनिक अधिक मेले, हे तिने 1858 मध्ये आकड्यांनिशी मांडले, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही.

डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय काढले. त्या सांगली जिल्ह्यात आणि वर कऱ्हाडलाही आज नर्सिंगची महाविद्यालये आहेत. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन व संख्याशास्त्र शिकवतात. प्रकल्प होतो, गुण मिळतात आणि बहुतेकदा तो कपाटात जातो. प्रश्न सिस्टरकडे, पद्धत विद्यार्थिनीकडे. दोघींची गाठ पडते ती वॉर्डातल्या घाईत.

महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावे. प्रश्न एकच घ्यावा: दर दोन तासांनी रुग्णाची कूस खरोखर बदलली जाते का, आणि जिथे चुकते तिथे जखमा वाढतात का? महिनाभर मोजावे. जखमा नोंदल्या म्हणून कुणाला मेमो मिळणार नाही, ही हमी मेट्रनने द्यावी. नाहीतर वहीत सारे आलबेलच दिसेल. आणि बैठक ड्युटीच्या वेळेतच हवी. रात्रपाळी संपवून घरी स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी बोलावणे हा नुसता छळ आहे.