गाव हलवाल, मुंडा कसा हलवाल?

आज कपाशीचं काही लिहत नाही. मागच्या हप्त्यात धारणीकडं एका ओळखीच्या कोरकू शेतकऱ्याच्या वावरात गेलो होतो, तिथं पाहिलेलं सांगतो.

गावाबाहेर झाडाखाली सागाच्या कोरीव पाट्या रोवलेल्या. कोणावर सूर्य-चंद्र, कोणावर घोडेस्वार. कोरकू लोक याले मुंडा म्हणतात. मेलेल्या माणसासाठी सिडोली करतात आन मुंडा रोवतात. खर्च मोठा, म्हणून कधी वर्षानुवर्षं थांबतात. जुन्या पाट्या उन्हापावसानं करड्या पडल्या, पण कोरीव काम अजून समजते. सागाच्या गाभ्याले वाळवी लवकर लागत नाही, हे आपल्याले घराच्या चौकटीवरून माहीतच हाये.

मी म्हटलं, "बाबाजी, हे तर म्युझियममधे पाहिजे."

म्हातारबुवा म्हणाले, "तुमचा बाप तुम्ही म्युझियममधे ठेवता का?"

मी गप बसलो.

त्यांच्या गावातही पुनर्वसनाची बोलणी सुरू हायेत. मेळघाट १९७४ मधे व्याघ्र प्रकल्प झाला. केलपाणी, गुल्लरघाटसारखी गावं उठून आपल्या अकोटकडं आली. वाघाले जागा पाहिजे, दवाखाना-शाळा जवळ पाहिजे, हे मलेही पटते. २००८ च्या पॅकेजात कुटुंबामागं १० लाख ठरले. घर मोजता येते, जमीन मोजता येते. मुंडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

माझं मत साधं हाये. गाव उठायच्या आधी ग्रामसभेनं एकेका मुंड्याची नोंद करावी: जागा, झाड, घराणं, फोटो. वर्षातून एकदा तिथं जायची वाट लेखी मागून घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ सांस्कृतिक वारसा जपायचा अधिकार ग्रामसभेले देते, तो वापरावा. आन आपण शहाण्यांनी शोभेसाठी एकही पाटी उचलून आणू नये. लाकूड हाये, कधी तरी सडणारच. पण ते तिथंच सडावं.

आणखी एक. अकोटकडं आलेल्या कोरकूले नवा मुंडा करायचा तर साग कुठून आणावा? आपल्या धुऱ्यावर साग उभा हाये. तोडीची परवानगी काढायची कटकट हाये, पण एक खोड देता येते. मी माझ्या धुऱ्यावरचं एक झाड राखून ठेवलं हाये.

तुमच्या धुऱ्यावर किती हायेत?