इतिहास वाचावयाचा, की मिरवावयाचा?

परप्रांतात नोकरीस असलेल्या मराठी माणसाने इतिहास म्हणून काय वाचावे, असा प्रश्न निघाला की मंडळामंडळांतून ठरलेली नावे पुढे येतात : ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’. तिन्ही कादंबऱ्या! त्यांच्या वाङ्मयीन गुणांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांना इतिहासाच्या आसनावर बसविणाऱ्यांविषयी. सामान्य वाचकास जाडे ग्रंथ झेपत नाहीत, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. जो कारकून दिवसभर फायलींतील टिपणे आणि मागील पत्रांचे क्रमांक पडताळून पाहतो, त्याला पुराव्याचे भय का वाटावे?

आम्ही सांगानेरास राहतो. या गावाप्रमाणेच छापील कापडासाठी प्रसिद्ध असलेले बगरू येथून फार दूर नाही. ऑगस्ट १७४८मध्ये तेथे मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाची बाजू घेऊन जयपूरच्या ईश्वरीसिंहास नमविले. पुढे खंडणीच्या तगाद्याने गांजून डिसेंबर १७५०मध्ये ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. आणि जानेवारी १७५१मध्ये जयपूरकरांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल केली. ज्या मुलखाचे अन्न आपण खातो, त्या मुलखाशी आपले पूर्वज कसे वागले, हे शेजाऱ्याने विचारले तर कादंबरीतले संवाद म्हणून दाखवावयाचे काय?

ही हकिकत सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’त आहे; यदुनाथ सरकारांच्या ‘फॉल ऑफ द मुघल एम्पायर’मध्येही आहे. सरकारांचा जयपूरविषयक स्वतंत्र ग्रंथ १९८४मध्ये प्रसिद्ध झाला. येथे राहणाऱ्याने तो अवश्य पाहावा. पानिपतासाठी शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ घ्यावा. रसाळपणाच हवा असेल, तर १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे. तो डोळ्यांनी पाहिलेल्याचा वृत्तान्त आहे आणि कोणत्याही कादंबरीइतका गुंगवून टाकतो. सवडीची सबब तर आपण सांगूच नये. सरदेसाईंनी रियासतीचा आरंभ केला तो बडोद्यास सयाजीरावांची चाकरी सांभाळूनच.

आमचे मागणे मोठे नाही. मंडळाच्या कपाटात एक ऐतिहासिक कादंबरी आली की तिच्या शेजारी त्याच काळाचा एक सप्रमाण ग्रंथ यावा. त्यात आपल्या पराक्रमाबरोबर आपल्या जुलमाचीही नोंद असेल. ती वाचण्याचे धैर्य नसेल, तर शिवजयंतीच्या व्यासपीठावरून इतिहासाचे नाव घेण्याचा अधिकारही आपणांस नाही.